मोठेबाबांचं थांबणं

जुलै सरता सरता अकरावीचे वर्ग भरतात. अमरावतीत तेव्हा हवा अशी दमट असते की खडू फळ्यावर उमटत नाही, उमटला तर पुसला जात नाही. वर्गात ओल्या छत्र्यांचा नि चिखलानं भरलेल्या चपलांचा वास. उशिरा प्रवेश मिळालेली पोरं मागच्या बाकांवर अंग चोरून बसलेली असतात. यंदा अशाच एका तासाला मी मागच्या बाकावरच्या एका मुलीला धडा वाचायला उभं केलं. दूर जंगलातल्या सेमाडोहकडची पोर, नवी वेणी, नवा युनिफॉर्म. ती वाचायला लागली आणि पहिल्या ओळीच्या शेवटी थांबली. वाक्य संपलं नव्हतं, फक्त ओळ संपली होती. तिनं बोट मागं आणलं, खालच्या ओळीवर ठेवलं आणि पुन्हा सुरू झाली. पुन्हा ओळ संपली, पुन्हा थांबली.

वर्ग खिदळायला लागला. "दात काय दाखवता रे? डेंटिस्टकडे आलात काय?" मी ओरडले. तशी मी कडकच आहे, पोरं मागं काय नाव ठेवतात तेही मला माहीत आहे. पण त्या पोरीला सुधारायला म्हणून तोंड उघडलं आणि तोंडून निघालं, "वाच पुढं." मागच्या बाकावरून कुणीतरी दुसरंच वाचून राहिलं होतं.

मोठेबाबा.

आमच्याकडे बापाच्या मोठ्या भावाला मोठेबाबा म्हणतात आणि त्याच्या बायकोला मोठीमाय. माझे मोठेबाबा म्हणजे किसनबाबा, माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. मूर्तिजापूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमचं गाव तिथून जवळच, अकोल्याच्या रस्त्यावर. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नाही. वाचायला शिकले ते बाप झाल्यावर, स्वतःच्या पोराच्या पहिलीच्या पुस्तकावरून. प्रकाशदादा आणि त्याचा बाप, दोघं एकाच पुस्तकावर मान घालून बसायचे आणि पोराच्या आधी बापाचा धडा पाठ व्हायचा, असं मोठीमाय सांगते. सांगताना अजून हसते.

आणि मग वर्षावासातलं वाचन त्यांच्याकडं आलं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज दिवेलागणीला, विहारात बुद्धचरित्राचा ग्रंथ वाचायचा. एकानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. बौद्ध वस्ती असलेल्या गावागावात हे चालतं, अजूनही चालतं. आमचं विहार तेव्हा म्हणजे चार भिंती नि वर टिनपत्रे. दिवसभर निंदण करून बाया यायच्या. घाईघाईनं पांढरं लुगडं नेसलेलं, पण बोटं गवताच्या रसानं हिरवीकाळी. वंदना व्हायची, मग मोठेबाबा चौरंगामागं बसायचे, ग्रंथ उघडायचे आणि ओळीखाली बोट ठेवायचे.

ते ओळीच्या शेवटी थांबायचे. प्रत्येक ओळीच्या शेवटी. वाक्य संपो न संपो, शब्द पुरा होवो न होवो. बोट उजव्या कडेला पोचलं की आवाज बंद. मग ते जाड, भेगाळलेलं बोट पानावरून हळूहळू डावीकडं यायचं, खालची ओळ चाचपायचं, ती सापडली की पुढचा शब्द. बोट परत येईपर्यंत विहारात चिडीचूप. पोरं नाकं ओढायची, तेवढाच आवाज.

आता मला कळतं की ते नवशिक्याचं वाचन होतं. तेव्हा कुणाला असं वाटलं नाही. आमच्या वस्तीला वाटायचं, ग्रंथ असाच असतो. थांबायचं असतं, म्हणून बाबा थांबतात. सिद्धार्थ घर सोडताना यशोधरेचा निरोप घ्यायला येतो, तिथं मोठेबाबांची ओळ नेमकी दारापाशी संपायची. सिद्धार्थ दारात उभा, बोट वाटेत, आणि बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या. कुणी तरी हळूच म्हणायचं, "अव माय..." मग बोट पोचायचं नि सिद्धार्थ आत जायचा. कितीतरी वर्षं मला वाटायचं, तो दारात खरंच तेवढा वेळ उभा होता. पुढं मोठी होऊन मी ते पान स्वतः वाचलं, तर तो सरळ आत गेला. मला लय राग आला होता.

पाऊस जोरात आला की टिनावर असा तडतडाट व्हायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. मोठेबाबा आवाज चढवायचे नाहीत. बोट जिथं असेल तिथं ठेवून गप बसायचे, कधी कधी शब्दाच्या मधोमध. सगळी वस्ती त्या अर्ध्या शब्दापाशी बसून राहायची. कुणी उठायचं नाही, कुणी तंबाखू मळायचं नाही. पाऊस ओसरला की उरलेला अर्धा शब्द यायचा आणि वाचन पुढं चालायचं. शेवटी सगळ्यांचं "साधू, साधू, साधू", आणि चिखलातून घरी.

मी त्यांच्या अगदी पुढ्यात बसायची. त्यामुळं मी वाचायला शिकले तीही तशीच. शाळेत पहिलीपासून मी ओळ संपली की थांबायची आणि मनातल्या मनात ते बोट परत येण्याची वाट पाहायची. गावच्या शाळेत ते चालून गेलं, कारण तिथं बरीच पोरं तशीच वाचायची. पण सातवीत मला अकोल्याला वाचनाच्या स्पर्धेला नेलं. मोठं सभागृह, पंखे, खुर्च्यांवर गुरुजी नि बाई. मी झोकात सुरुवात केली. पहिल्या थांब्याला लोकांनी वर पाहिलं, दुसऱ्या थांब्याला पुढच्या रांगेतल्या मुली एकमेकींना कोपर मारायला लागल्या, आणि मग सगळं सभागृह हसलं. मला कळेचना काय चुकलं. मी मागं वळून पाहिलं, मला वाटलं माझ्यामागं काहीतरी गंमत चाललीय.

परत येताना बसमध्ये गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाळ, ओळ ही छापणाऱ्यानं तोडलेली असते. लिहिणाऱ्यानं नाही. तू वाक्य पाहत जा." चांगला माणूस. त्यांनी मला वर्षभर शिकवलं. कुठं थांबायचं, कुठं नुसता श्वास घ्यायचा, कुठं आवाज खाली आणायचा. पुढं अमरावतीला होस्टेलवर राहून शिकले, बी.एड. केलं, तिथं तर वाचनाच्या पाठाला शाबासकी मिळाली. बाई म्हणाल्या, "काय स्वच्छ वाचतेस गं! गाव कुठलं कळतसुद्धा नाही." मला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं. आज ते वाक्य आठवलं की कसंसंच होतं.

पण उगाच गळा काढायला मी बसलेली नाही. शिक्षणानं मला काय दिलं ते मी जाणते. माझी आई उन्हात निंदत होती, मी पंख्याखाली उभी राहून शिकवते. त्या सेमाडोहच्या पोरीलाही मी सुधारणारच. दुसऱ्याच दिवसापासून मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून घेते आहे. नाही सुधारलं तर उद्या एखाद्या मुलाखतीत तिला हसतील, आणि तेव्हा मी तिथं दात दाखवणाऱ्यांवर ओरडायला नसेन. ती हुशार आहे, पटकन शिकते आहे. दर वेळी तिचा एकेक थांबा गळून पडतो, मी "शाबास" म्हणते, आणि त्या दिवशी घरी जाऊन माझं जेवणात लक्ष लागत नाही.

मोठेबाबा गेले तेव्हा मी होस्टेलवर होते. उन्हाळा होता, परीक्षा चालू होत्या, मला उशिरा कळवलं. पुढच्या वर्षावासात सगळ्यांनी मला बसवलं, शिकलेली पोर म्हणून. मी वाचलं. स्वच्छ, सरळ, पूर्णविरामाला थांबत. पहिल्याच दिवशी एवढं लवकर आटोपलं की बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. "झालं?" कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "झालं." मग त्या उठून घरी गेल्या. मोठीमाय तेवढी भिंतीला टेकून बसून राहिली होती. मला वाटलं, दमली असेल.

एक गोष्ट सांगते, कुणाला विचित्र वाटली तर वाटो. मला त्यांचा आवाज आठवत नाही. जाड होता की पातळ, घोगरा होता की कसा, काही म्हणता काही नाही. त्यांचा फोटो आहे, आवाज कुठंच नाही, तेव्हा कुणाकडं टेप होता? आठवतं ते फक्त थांबणं. ते मात्र सोडत नाही. फोनवर बोलणारा मध्येच थांबला की मी श्वास धरते. बसस्टँडवर गाडीची घोषणा अर्ध्यात तुटते तेव्हा मी जागच्या जागी उभी राहते, लोक धक्के मारून जातात. माणूस गेल्यावर त्याचे शब्द मागं राहतात म्हणतात. आमच्या माणसाची मागं राहिली ती शब्दांच्या मधली जागा.

यंदा भादव्यात प्रकाशदादाचा फोन आला. तो पुण्यात कंपनीत आहे. मोठीमायचे डोळे आता पार गेलेत, गावात एकटी ठेवणं जमत नाही, आश्विन पौर्णिमा झाली की तो तिला पुण्याला नेणार. तिसऱ्या मजल्यावरचं घर. ती परत गावी येईल असं त्यालाही वाटत नाही, मलाही नाही.

"जायला तयार आहे ती?" मी विचारलं.

"आहे. पण तुझ्या नावानं एक हट्ट धरून बसली. म्हणते, सुनीले बोलाव. बुढ्यावानी वाचून दाखव म्हणा एक डाव, मंग मले कुठीबी ने." दादा जरा थांबला. "तुला येतं का गं अजून तसं वाचता?"

मी श्वास धरला होता. "येईल," मी म्हटलं. न येऊन कसं चालेल?

त्या रात्री स्वयंपाक आटोपल्यावर ओट्याशी उभी राहून मी मोठ्यानं वाचून पाहिलं. समोर पेपर होता, तोच वाचला. जमेना. जीभ ओळीच्या कडेवरून सुसाट खाली उतरायची आणि पूर्णविरामालाच उभी राहायची. मुद्दाम थांबले तर नाटकातल्यासारखं वाटायचं. माझी पोरगी आतून ओरडली, "आई, नेट अडकल्यासारखं काय करतेस?" मी तिच्यावर भडकले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. एवढी वर्षं घासूनपुसून काढलेली गोष्ट मागितली की हजर होईल, असं मी कसं धरून चालले, कुणास ठाऊक.

पौर्णिमेच्या अलीकडच्या शनिवारी पॅसेंजरनं मूर्तिजापूर गाठलं आणि तिथून ऑटोनं गाव. वावरात सोयाबीन पिवळं पडलं होतं, कुठं कुठं कापणी लागली होती. विहार आता पक्कं झालंय, फरशी, माइक, पंखे. माझा बेत असा होता की मोठेबाबांचा तो जुना ग्रंथ हातात घ्यायचा. ओळी त्याच, म्हणजे थांबेही तेच, आपोआप सापडतील. पण पक्कं विहार बांधताना सगळं सामान एका पडवीत ठेवलं होतं, तिथं पाणी शिरलं. ग्रंथाची निव्वळ वीट झाली होती. पानाला पान चिकटलेलं, नख घातलं की चुरा. नवा ग्रंथ आणलाय तो मोठ्या टायपाचा, जाडजूड. त्यात एकही ओळ जुन्या जागी संपत नाही.

म्हाताऱ्या बायांना विचारलं, "बाबा कुठं कुठं थांबायचे, आठवते का जी कोणाले?" एकीनं एक जागा सांगितली, दुसरीनं ती खोडून काढली, तिसरी म्हणाली, "बाप्पा, थो तं समद्याच जागी थांबे." झालं. हसल्या सगळ्या.

दिवेलागणीला मोठीमायला धरून आणलं. पांढरं लुगडं, हात भिंतीवरून सरकवत आली आणि नेहमीच्या जागी बसली. चेहरा माझ्याकडं नाही, जरा वर, कान पुढं. तिचं पुण्याला जाणं सगळ्यांना माहीत होतं, ती कशासाठी आलीय तेही. म्हणून विहार भरलं होतं. वर्गात साठ-सत्तर पोरांपुढं मी डोळे वटारून उभी राहते, इथं मात्र मला धड पान सापडेना.

मी वाचायला लागले. मधून मधून थांबत होते, अंदाजानं, कधी इथं, कधी तिथं. थोडं वाचून झालं तोच मोठीमायनं हात वर केला.

"राहू दे व सुनी."

"काहून? नाही जमून राह्यलं का?"

"तू चांगलीच वाचतं बाई. रेडिओवानी वाचतं. पण तू मुद्दाम थांबून राह्यली. बुढा काही मुद्दाम नव्हता थांबत." ती हसली. "जाऊ दे. गेलं थे गेलं. घरी चाला."

ती जमिनीवर हात टेकून उठायला लागली. प्रकाशदादा तिला धरायला पुढं आला. आणि मला एकदम रडू फुटलं, भर विहारात, माइकसमोर. आता ती उठली की संपलं, हे मला दिसत होतं. ती पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसेल, खाली गाड्या वाजतील, आणि तिच्या कानात शेवटचा राहील तो माझा हा रेडिओ. "बस ना व माय, एक डाव बस," मी म्हटलं. माझं मराठी, माझं बी.एड., सगळं कुठल्या कुठं गेलं. "जराकशी बस. मी पाह्यतो."

ती बसली. माझ्यासाठी बसली असेल.

डोळ्यांत पाणी, समोरची अक्षरं पोहत होती. ओळ धरता येईना. खालची वर नि वरची खाली. म्हणून मी बोट ठेवलं. नीट वाचायला शिकले तेव्हाच ते सोडलं होतं, त्याला कितीतरी वर्षं झाली होती, पण दुसरा इलाजच नव्हता. पहिला शब्द दिसला, तो वाचला. दुसरा दिसला, तो वाचला. बोट उजव्या कडेला गेलं आणि पुढं काही नव्हतं. पुढचा शब्द मला माहीतच नव्हता, तो खाली, डावीकडं, पाण्यात कुठंतरी होता. मी त्याला शोधत बोट मागं आणलं. खालची ओळ चाचपली. सापडली.

तेव्हा मला कळलं, ते जुने थांबे शोधत बसण्यात काही अर्थ नव्हता. मोठेबाबांनी ते ठरवून ठेवलेच नव्हते. त्यांच्या हातात हा नवा ग्रंथ दिला असता तर ते इथंच थांबले असते, याच कडेला, मी थांबले तिथंच. मी पुढची ओळ वाचली, आणि त्या ओळीच्या शेवटी बोट निघालं, तेव्हा विहारात आवाज नव्हता. माइकमधून फक्त माझ्या बोटाची पानावरची खसखस ऐकू येत होती. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला. मी मान वर केली नाही. माझी हिंमत नव्हती. ओळीमागून ओळ जात राहिली, प्रत्येक कडेला ती शांतता यायची, आणि दर वेळी वाटायचं, पुढचा शब्द आता माझ्या तोंडून येणार नाही.

मोठीमाय शेजारणीकडं वाकली. कुजबुजायला म्हणून, पण म्हाताऱ्या माणसांची कुजबुज मोठीच असते, सगळ्यांनी ऐकली.

"आज नव्याच जागी थांबून राह्यला बुढा."

मग ती नीट मांडी घालून बसली, तोंड चौरंगाकडं केलं, आणि ज्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती अशा आवाजात म्हणाली, "वाचा तुमी. सावकाश वाचा. मी काही चालली नाही कुठी."